शिरूर-दौंडहून विमानप्रवास : अंतर कसे मोजायचे, वेळ किती धरायचा

पुण्याहून दिल्लीला जायचे तर तिकिटावर प्रवासाचा वेळ साधारण सव्वादोन तास लिहिलेला असतो. शिरूर किंवा दौंड तालुक्यातून निघणारा माणूस त्याच आकड्यावर विसंबून दिल्लीतली कामे ठरवतो आणि दिवसाचे सगळे वेळापत्रक कोलमडते. विमान उशिरा सुटलेले नसते, कोणी फसवलेलेही नसते. तो आकडा विमानाच्या प्रवासाचा असतो, आपल्या प्रवासाचा नाही.

दोन विमानतळांमधले अंतर कसे काढतात, त्यावरून उड्डाणाचा वेळ कसा निघतो आणि आपल्या घरापासून मुक्कामापर्यंतचा खरा वेळ कसा मोजायचा, हे इथे एकेका पायरीने पाहू. शाळेतल्या भूगोलात शिकलेले अक्षांश-रेखांश आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढे पुरेसे आहे.

पहिली पायरी : कुठून कुठे, हे नेमके ठरवा

अंतर दोन शहरांमधले नसते, दोन विमानतळांमधले असते. आपल्यासाठी पुणे म्हणजे लोहगावचा विमानतळ. जगातल्या प्रत्येक प्रवासी विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो. पुण्याचा कोड पीएनक्यू, दिल्लीचा डीईएल, मुंबईचा बीओएम. अंतर शोधताना शहराच्या नावाऐवजी हा कोड टाकला की गोंधळ होत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो गोव्याच्या बाबतीत. तिथे दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा दाबोळी, त्याचा कोड जीओआय. आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा, त्याचा कोड जीओएक्स. मोप्याहून प्रवासी विमाने जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. ज्यांना मडगावला उतरायचे आहे आणि ज्यांनी नकळत मोप्याचे तिकीट काढले, त्यांना पुढे बराच रस्ता तुडवावा लागतो. मुंबईतही आता दोन विमानतळ आहेत, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली. शिवाय मुंबई आणि दिल्ली इथे टर्मिनल, म्हणजे प्रवाशांच्या इमारती, एकाहून अधिक आहेत. त्यामुळे कोडबरोबर टर्मिनलही पाहून ठेवावे.

दुसरी पायरी : सरळ अंतर काढा

विमानाला घाट, नद्या, वळणे आडवी येत नाहीत. म्हणून हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा खरे तर एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. भूगोलात त्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांच्या मध्ये दोरा ताणून धरला, तर दोरा ज्या वाटेने बसतो ती ही रेषा.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा फसवते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट नकाशावर सरळ पश्चिमेला, आफ्रिकेवरून जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ती उत्तरेकडे, मध्य आशिया आणि रशियाच्या बाजूला झुकते. पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिले की लगेच पटते.

आता पुणे-दिल्ली अंतर आपण स्वतःच काढू. लोहगावचे अक्षांश सुमारे १८.५८ आणि रेखांश ७३.९२. दिल्ली विमानतळाचे अक्षांश सुमारे २८.५७ आणि रेखांश ७७.१०. अक्षांशांतला फरक झाला जवळजवळ १० अंश, रेखांशांतला ३.२ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणजे दिल्ली पुण्याच्या उत्तरेला १,११० किलोमीटर.

रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवांकडे जावे तशा रेखावृत्तांच्या रेषा जवळ येत जातात. पुणे आणि दिल्ली यांच्या मध्यावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आसपास, रेखांशाचा एक अंश १०२ किलोमीटरचा होतो. ३.२ गुणिले १०२, म्हणजे दिल्ली पुण्याच्या पूर्वेला ३२६ किलोमीटर.

आता पायथागोरसचा नियम लावा. १,११० चा वर्ग अधिक ३२६ चा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. उत्तर येते सुमारे १,१५७ किलोमीटर. संगणक पृथ्वीचा गोलाकार धरून काटेकोर सूत्राने जे अंतर देतो, तेही जवळजवळ एवढेच आहे. देशातल्या देशात ही पद्धत छान चालते. परदेशाच्या लांब पल्ल्याला मात्र ती चुकते. तिथे संगणकाचे सूत्रच वापरावे.

इथे एक चूक वारंवार होते. अक्षांश कधी दशांशात दिलेले असतात, कधी अंश आणि मिनिटांत. लोहगाव १८ अंश ३५ मिनिटांवर आहे. एका अंशाची ६० मिनिटे, म्हणून ३५ मिनिटे म्हणजे ०.५८ अंश. पण घाईत १८.३५ असे टाकले आणि रेखांशाच्या ७३ अंश ५५ मिनिटांचेही ७३.५५ केले, तर विमानतळ लोहगावहून उचलून थेट पानशेतच्या बाजूच्या डोंगरात जाऊन बसतो. उत्तर विचित्र आले तर आधी हे तपासा.

तिसरी पायरी : किलोमीटर की मैल, ते पाहा

विमानाच्या जगात तीन मापे चालतात. किलोमीटर आपल्या ओळखीचा. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. आणि सागरी मैल, ज्याला वैमानिक नॉटिकल मैल म्हणतात, तो १.८५२ किलोमीटरचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून जहाजे आणि विमाने तो वापरतात. तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात.

त्यामुळे पुणे-दिल्ली हेच अंतर कुठे १,१५७, कुठे ७१९ तर कुठे ६२५ असे दिसेल. तिन्ही बरोबर आहेत. आकड्यापुढचे एकक वाचल्याशिवाय दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहू नका.

चौथी पायरी : सरळ रेषेपेक्षा प्रत्यक्ष वाट थोडी लांब धरा

विमान धावपट्टीच्या दिशेनेच उडते आणि उतरते. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांवर १० आणि २८ हे आकडे असतात, म्हणजे होकायंत्रावरच्या १०० आणि २८० अंशांच्या दिशा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि उतरते. पश्चिमेचा वारा असला की पुण्याहून सुटणारे विमान आधी पश्चिमेला झेपावते आणि मग दिल्लीसाठी वळण घेते.

त्याच वेळी उतरणारी विमाने पूर्वेकडून येतात, म्हणजे शिरूर-दौंडच्या बाजूने. लोहगाव ५०-६० किलोमीटरवर असताना उतरणीला लागलेले विमान साधारण ३ किलोमीटर उंचीवर असते. म्हणून ती आपल्या शिवारातून इतकी स्पष्ट दिसतात.

आकाशातही ठरावीक हवाई मार्ग असतात. कुठे लष्करी हद्द टाळावी लागते, कुठे पावसाळी ढगांना वळसा घालावा लागतो. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे नागरी विमानांना धावपट्टी लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. शहरे जागची हलली नव्हती, तरी प्रवासाचे तास वाढले.

पाचवी पायरी : अंतरावरून वेळ काढा

देशांतर्गत मार्गांवरची एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने उंचावर तासाला सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. पण तो वेग संपूर्ण वाटेवर नसतो. चढताना आणि उतरताना विमान हळू असते. जमिनीवरही धावपट्टीपर्यंत जायला आणि तिथून इमारतीपर्यंत यायला वेळ जातो.

म्हणून घरच्या घरी वापरायचा सोपा ठोकताळा असा : किलोमीटरला ८०० ने भागा, आलेल्या तासांची मिनिटे करा आणि त्यात ४० मिनिटे मिळवा.

पुणे-दिल्ली : १,१५७ भागिले ८००, म्हणजे १.४५ तास, म्हणजे ८७ मिनिटे. त्यात ४० मिळवले की १२७ मिनिटे, म्हणजे दोन तास सात मिनिटे. तिकिटावरचा वेळ याच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो, कारण कंपन्या गर्दीसाठी काही मिनिटे राखून ठेवतात.

पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. हाच हिशोब केला तर ८५ मिनिटे येतात.

या ठोकताळ्यात एक चूक हमखास होते. कॅल्क्युलेटरवर आलेले १.४५ म्हणजे एक तास पंचेचाळीस मिनिटे असे समजले जाते. दशांशातल्या तासाला ६० ने गुणल्याशिवाय मिनिटे होत नाहीत. १.४५ तास म्हणजे एक तास सत्तावीस मिनिटे.

ती स्थिर ४० मिनिटे अंतर कमी असताना फार जड होतात. लोहगाव ते मुंबई विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम १२४ किलोमीटर. वेगाच्या हिशोबाने नऊ मिनिटे, पण एकूण वेळ पाऊण तासाच्या पुढे जातो. जवळच्या प्रवासाला विमान का परवडत नाही, त्याचे उत्तर इथे मिळते.

सहावी पायरी : वाऱ्याचा हिशोब धरा

जाताना आणि येताना तिकिटावरचा वेळ वेगळा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. विमान हवेत ठरलेल्या वेगाने जाते, पण ती हवाच वाहत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग बदलतो. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात.

पुणे-कोलकाता अंतर सुमारे १,५८० किलोमीटर. वारा ताशी १०० किलोमीटरचा असेल तर जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ९३० होतो आणि उंचावरचा प्रवास सुमारे १०२ मिनिटांत संपतो. परतताना वेग ७३० वर येतो आणि त्याच अंतराला १३० मिनिटे लागतात. जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. पुणे-दिल्ली वाट बरीचशी दक्षिण-उत्तर असल्याने तिथे हा फरक कमी पडतो.

सातवी पायरी : तिकिटावरचे आकडे नीट वाचा

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. जमीन सोडण्याची नव्हे. पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान उतरून आपल्या जागी थांबण्याची. या दोन्हींमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. पुणे-दिल्लीच्या सव्वादोन तासांत प्रत्यक्ष हवेतला काळ पावणेदोन-दोन तासांचा असतो.

ब्लॉक टाइम आपल्या हक्कांसाठीही महत्त्वाचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीच्या हातातल्या कारणाने उड्डाण रद्द झाले आणि तसे वेळेत कळवले नसेल, तर भरपाईची मर्यादा ब्लॉक टाइमवरून ठरते. एक तासापर्यंत ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतले जे कमी असेल ते. धुके, वादळ अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचे उड्डाण दोन तास किंवा जास्त लांबले, तर वाट पाहणाऱ्या प्रवाशांना खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे.

आता तारीख. तिकिटावर २४ तासांचे घड्याळ असते. १५ तारखेचे ००:२० चे विमान म्हणजे १४ तारखेची रात्र संपताना सुटणारे विमान. घरातून निघायचे १४ तारखेला संध्याकाळी. १५ च्या रात्री सामान बांधून निघणारा माणूस एक दिवस उशिरा पोहोचतो, आणि हे दरवेळी कोणाचे ना कोणाचे होतेच. असे तिकीट हाती आले की घरातल्या दिनदर्शिकेवर आदल्या दिवसाच्या चौकटीत ‘आज संध्याकाळी निघणे’ असे लिहून ठेवा.

परदेशाच्या तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. मुंबईहून १३:०० ला निघून दुबईत १४:४५ ला पोहोचणारे विमान पावणेदोन तासांत जात नाही. त्यात दीड तास मिळवा, म्हणजे सव्वातीन तास. परतताना २२:०० ला निघून ०२:३० ला मुंबईत आले, तर साडेचार तासांतून दीड वजा करा. खरा प्रवास तीन तासांचा. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ दिसले तर पोहोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

आठवी पायरी : घर ते विमानतळ

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, कारण हवेतले अंतर कायम असते आणि रस्त्यावरचा वेळ रोज बदलतो.

शिरूरहून लोहगाव साठेक किलोमीटर. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, आणि वाघोलीतून लोहगाव. रस्ता मोकळा असला तर दीड तास. पण रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ, शिक्रापूरचा चाकण चौक आणि सकाळ-संध्याकाळची वाघोली या तिन्ही ठिकाणी गाडी अडकली, तर अडीच तासही लागतात.

दौंडहून अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. पाटस किंवा केडगाव-चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागून यवत, उरुळी कांचन, पुढे लोणी काळभोर, हडपसर, मग मुंढवा-खराडीतून विमानतळ. हडपसरची गर्दी टाळायची तर थेऊर फाट्यावरून केसनंदमार्गे वाघोलीला जाता येते. दौंडकरांना रेल्वेचाही आधार आहे. पुणे स्टेशनवर उतरून पुढचे दहाएक किलोमीटर रिक्षाने किंवा टॅक्सीने जाता येते. फक्त गाडी उशिरा आली तरी वेळ राहील अशी आधीची गाडी निवडा.

काही दिवस आधीच दिनदर्शिकेत पाहावे लागतात. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाच्या कार्यक्रमामुळे नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी सोलापूर रस्त्याने जाते. त्या दिवसांत दौंडकरांनी दुसरी वाट धरावी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे वेग मंदावतो, तोही धरावा.

दुसऱ्या विमानतळाचा विचारही आकड्यांत करावा. काकडी गावातला शिर्डी विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि शिर्डी-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,०२५ किलोमीटर आहे. म्हणजे पुण्याहून सुमारे एकशे तीस किलोमीटर कमी. पण हवेत यातून दहाच मिनिटे वाचतात, आणि शिरूरहून काकडीचा रस्ता लोहगावच्या जवळपास दुप्पट. वेळेपुरते पाहिले तर शिरूरला लोहगावच सोयीचे. पुरंदरचा नियोजित विमानतळ उभा राहिला तर दौंडकरांना हा हिशोब नव्याने मांडावा लागेल.

नववी पायरी : वेळ उलटा मोजा

आता कागद घ्या आणि विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे या. समजा शिरूरहून निघायचे आहे आणि विमान सकाळी ११ चे आहे. देशांतर्गत उड्डाणाला सामान घेण्याची खिडकी बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी बंद करतात, म्हणजे १० वाजता. विमानात चढण्याचे दार सुटण्याच्या २०-२५ मिनिटे आधी बंद होते. रांगा आणि सुरक्षा तपासणी धरून टर्मिनलच्या दारात ९ वाजता असावे. रस्त्याला वाईटात वाईट दिवसाचे अडीच तास धरा. म्हणजे घर सोडायचे साडेसहाला.

पुढे मोजा. विमान सव्वाएकला दिल्लीत थांबले. उतरणे, चालणे, पट्ट्यावरून सामान घेणे यात पाऊण तास, दोन वाजले. तिथून शहरात एक तास, तीन वाजले. साडेसहा ते तीन, म्हणजे साडेआठ तास. तिकिटावर सव्वादोन तास. दुपारी तीनच्या आधीचे कोणतेही काम या विमानाने गाठता येणार नाही.

असा हिशोब मांडला की निवडीही सोप्या होतात. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतर निघालात तर वाघोली मोकळी मिळते, आणि सकाळचे पहिले विमान आधीच्या फेऱ्यांच्या उशिरात सहसा अडकत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीच्या धुक्यामुळे पहाटेची विमाने रखडतात. तेव्हा दुपारचे विमान बरे. दौंडहून नागपूरला जायचे तर विमानाचे तिकीट दीड तासाचे, पण घर ते घर सात तास सहज लागतात. रेल्वेला त्याहून बरेच जास्त तास लागतात, पण गाडी दौंडलाच मिळते आणि रात्र झोपेत जाते. कोणते चांगले, हे कामाच्या वेळेवर ठरवा.

तिकीट काढण्याआधी या सहा वेळा कागदावर लिहा : घर सोडण्याची, टर्मिनलवर पोहोचण्याची, खिडकी बंद होण्याची, विमान सुटण्याची, विमान थांबण्याची आणि मुक्कामी पोहोचण्याची. सहावी वेळ आपल्या कामाच्या वेळेनंतरची निघाली, तर आदल्या दिवसाचे किंवा त्याच दिवशी लवकरचे विमान शोधा. तिकीट काढायच्या आधी हे कळले, तर बदल करायला पैसे पडत नाहीत.